लव्हाळ्याशी भांडताना या चुका टाळा, नाहीतर खर्च वाया

केळीत नाहीतर कपाशीत लव्हाळा हे तण माजलं की आपल्याकडे खानदेशात रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत पहिला उपाय एकच, रोटाव्हेटर (माती घुसळणारं ट्रॅक्टरचं अवजार) फिरवा. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. एक झाड उपटू नका, खुरप्यानं वीतभर खोल खणून बघा, दोऱ्यासारख्या मुळीवर काळपट गाठी एकीला एक लागून माळ गेलेली दिसेल, गाठ फोडली तर आत पांढरी आणि उग्र सुगंधी वास. आयुर्वेदातला नागरमोथा तो हाच. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते, मागच्या बऱ्याच झोपून राहतात. रोटाव्हेटरनं तुकडे केले की सगळ्या जाग्या होतात आणि थोड्याच दिवसात वावर आधीपेक्षा हिरवं.

नांगरटच करायची तर एप्रिल-मेमध्ये खोल करा, ढेकळं उलटी पडू द्या आणि दोन आठवडे तसंच तापू द्या. पारा 45 ला टेकतो त्याचा एवढा तरी फायदा घ्या की राव! गाठ वर आली तर वाळून मरते, पण मध्येच कपाशीची घाई म्हणून ठिबक सोडलं तर मेहनत पाण्यात.

निंदणीला बाया लावता, पाला निघतो, गाठ आतच. तरी निंदणी फुकट नाही, फक्त तीन आठवड्यांच्या आत परत करायची, कारण त्यानंतर नव्या गाठी धरायला लागतात. महिन्या-दीड महिन्यानं एकदा निंदून काहीच होत नाही.

आता तणनाशकाची फवारणी. पेंडीमेथॅलिनला लव्हाळा जुमानत नाही, पॅराक्वाटनं नुसता शेंडा जळतो. मका आणि ऊसासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल आहे, मात्रा लेबलवर बघूनच, आणि कपाशीवर त्याचा शिंतोडाही नको. ग्लायफोसेट गाठीपर्यंत जातं पण पीक ओळखत नाही, गढूळ पाण्यात कालवलं तर मातीला चिकटून बसतं, शिवाय 2022 च्या केंद्राच्या आदेशात ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच (परवानाधारक फवारणीवाल्यानंच) मारायचं असं म्हटलंय. आणि मारलं की दुसऱ्याच दिवशी वखर घालायचा नाही, औषध खाली उतरू द्या की.

मल्चिंग पेपर (तण दाबायला जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक) टाकला म्हणजे सुटलो असं समजू नका, याचा कोंब सुईसारखा, पेपर फोडून वर येतो.

लव्हाळ्याला ऊन आणि ओल दोन्ही आवडतं, लॅटरल (ठिबकची नळी) गळते तिथं हमखास झुपका. सावली मात्र अजिबात सोसत नाही. म्हणून मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), केळीची पानं एकमेकांना भिडेपर्यंतचे पहिले चार-पाच महिनेच जोर लावा, नंतर पैसा घालू नका. आणि दुसऱ्याच्या बागेतून केळीचे कंद आणत असाल तर माती झटकून, धुवूनच आणा, बऱ्याच शेतांत लव्हाळा असाच पोचलाय.