आरशासारखे स्टील: बफिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मशिनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड पूर्ण करून मी भोसरीतल्या एका लहान बफिंग वर्कशॉपमध्ये रुजू झालो, तेव्हा स्टेनलेस स्टीलला आरशासारखी चकाकी बफच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कापडाच्या किंवा दोऱ्याच्या चाकावर येते, अशी माझी ठाम समजूत होती. पहिल्याच महिन्यात ती मोडली. चकाकीचा पाया पॉलिश पेपरवर घातला जातो, आणि तिथे राहिलेली चूक चाकावर झाकली न जाता अधिकच ठळक दिसू लागते.

आमच्याकडे औषध कारखान्यांच्या व डेअरीच्या यंत्रांचे लहान भाग येतात: व्हॉल्व्हच्या बॉडी, स्पिंडल, नोझल. धातू बहुतेक 304 किंवा 316एल या ग्रेडचे स्टेनलेस स्टील असतो. पृष्ठभागावरच्या ओरखड्यांत दुधाचा किंवा औषधाचा अंश अडकून राहू नये, म्हणून ही गुळगुळीतपणाची मागणी असते; ड्रॉइंगवर पुष्कळदा आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) 0.4 मायक्रॉन असा आकडा लिहिलेला आढळतो.

पेपरचा नंबर जितका मोठा तितका त्याचा दाणा बारीक. टर्निंगच्या, म्हणजे लेथवर कापताना उमटलेल्या रेषा 180 नंबरच्या पेपरने घासून घालवाव्यात आणि मग 240, 320, 400, 600 अशा क्रमाने पुढे जावे. नंबर बदलला की घासण्याची दिशाही काटकोनात बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरची एखादी आडवी रेषा शिल्लक असेल तर ती लगेच डोळ्यांत भरते. रेषा दिसेनाशी झाल्यावरही आणखी थोडा वेळ घासावे, कारण ओरखड्याचा तळ वरून दिसतो त्याहून खोल असतो. दर नंबरनंतर जॉब (घासायचा भाग) आणि हात दोन्ही धुवावेत. 400 वर काम चालू असताना 180 चा एकच कण कापडात राहिला, तर ट्यूबलाइटखाली केसासारखी एक वाकडी रेघ दिसते आणि पुन्हा 240 पासून सुरुवात करावी लागते. नवशिक्याला हे धुणे वेळखाऊ वाटते. मला मात्र या सगळ्या कामात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कुठे हात लावायचा नाही, हेही ड्रॉइंग पाहून आधीच ठरवावे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका स्पिंडलची सीट, म्हणजे जिथे तो व्हॉल्व्हमध्ये घट्ट बसतो ती तिरकी कड, हौसेने चकचकीत केली. कड गोल झाली, चाचणीत पाणी झिरपले आणि जॉब रिजेक्ट झाला. तेव्हापासून सीट, आटे आणि ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या रबरी कडीची) खाच यांवर टेप गुंडाळल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

पेपरचे काम नीट झाले असेल, तर चाकाचे काम थोडक्यात आटोपते. आधी सिसलच्या (घायपाताच्या दोऱ्याच्या) बफवर कापणारा मसाला, म्हणजे घासणाऱ्या भुकटीची तेलकट वडी, नंतर कापडी बफवर क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा साबण. आठ इंची चाक मिनिटाला 2880 फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर असतो. म्हणून जॉब चाकाच्या मध्याच्या किंचित खाली धरावा, धारदार कड फिरणाऱ्या चाकासमोर कधीही धरू नये आणि सैल हातमोजे तर मुळीच घालू नयेत. चाक हातमोजा ओढून घेते आणि त्याच्याबरोबर बोटेही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा मास्क रोज हवाच.

स्टेनलेसमधून उष्णता सावकाश पसरते. एकाच जागी जोर दिला की तिथे पिवळसर, मग निळसर झाक येते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. हलका दाब ठेवावा, जॉब सतत फिरवत राहावा. साध्या लोखंडावर वापरलेला पेपर किंवा बफ स्टेनलेसला लावू नये; लोखंडाचे कण रुतून बसतात आणि काही दिवसांनी गंजाचे ठिपके उमटतात.

जॉब घेताना ग्रेड जरूर विचारावा. 321 मध्ये टायटॅनियम असते आणि त्याचे कठीण कण बफखाली शेपटीसारखे ओघळ सोडतात. त्यावर निर्दोष आरसा मिळत नाही, हे ग्राहकाला कामाआधीच सांगावे.

शेवटी खडूच्या भुकटीने मसाल्याचा तेलकटपणा पुसून जॉब ट्यूबलाइटखाली तिरका धरावा आणि हळूहळू फिरवावा. नळीचे प्रतिबिंब जिथे लाटेसारखे हलते, तिथे पेपरचा दाब असमान पडलेला असतो; त्या जागेवर पेन्सिलने खूण करून मी जॉब परत 320 वर घेतो.