जवळचा अंधार की लांबचे माणूस: दोन छोट्या कॅमेऱ्यांतून आपला कोणता, ते कसे ठरवावे

कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७ हे दोन्ही कॅमेरे जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले. दोन्हींचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ‘एक इंची’ म्हणवला जाणारा, म्हणजे प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा आहे. दोन्ही २०.१ मेगापिक्सेलचे आहेत आणि बॅटरी व कार्डासह कॅननचे वजन ३०४ ग्रॅम, तर सोनीचे ३०२ ग्रॅम भरते. दोन्हींत वर उघडणारा फ्लॅश आहे, दोन्हींचा पडदा स्वतःकडे वळवता येतो, दोन्ही ४के व्हिडिओ घेतात आणि दोन्हींना बाहेरचा माइक जोडता येतो. तरीही अमेरिकेत कॅननची सुरुवातीची किंमत ७४९ डॉलर होती आणि सोनीची १,१९९ डॉलर. माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचणाऱ्या ग्राहकाला हा फरक कशाचा, ते सहज उमगत नाही, कारण बहुतेक ओळी सारख्याच असतात आणि ज्या मोजक्या ओळी वेगळ्या असतात, त्यांचे मोल वापरणाऱ्यागणिक बदलते. या जोडीच्या आधाराने नागपुरात राहणाऱ्या माणसाने तुलना कशी करावी, ते पुढे मांडले आहे. जोडी दुसरी असली तरी रीत हीच राहील.

तुलनेची सुरुवात दुकानात किंवा संकेतस्थळावर करू नये. ती आपल्या मोबाइलमधील गेल्या वर्षभराच्या छायाचित्रांपासून करावी. जी छायाचित्रे मनासारखी आली नाहीत, तेवढीच बाजूला काढावीत आणि प्रत्येक का बिघडले, ते पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत त्यांचे दोन ढीग पडतात. एका ढिगात हवी ती गोष्ट चित्रात फार छोटी आली आहे: फुटाळ्याच्या पाण्यावरचा पक्षी, दीक्षाभूमीच्या गर्दीत दूरच्या मंचावरचा वक्ता, वसंतराव देशपांडे सभागृहातील शालेय संमेलनात नाचणारी मुलगी. दुसऱ्या ढिगात गोष्ट पुरेशी मोठी आली आहे, पण चित्र हललेले किंवा दाणेदार आहे: महालक्ष्म्यांची आरास, हळदीची संध्याकाळ, दिवाणखान्यात एका जागी न थांबणारे मूल. कोणता ढीग मोठा आहे, यावर अर्धा निर्णय होतो. दोन्ही ढीग जवळजवळ रिकामे असतील, तर माझ्या मते कॅमेरा घेऊच नये. मोबाइल त्या घरासाठी पुरेसा आहे.

आता भिंगाकडे पाहावे, कारण या दोन कॅमेऱ्यांतील खरा भेद तिथेच आहे. फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबाने कॅननचे भिंग २४ ते १०० मिलिमीटरचे असून त्याचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/१.८ ते एफ/२.८ आहे. सोनीचे भिंग २४ ते २०० मिलिमीटरचे, एफ/२.८ ते एफ/४.५ आहे. मिलिमीटरचा आकडा जेवढा मोठा, तेवढी दूरची गोष्ट मोठी दिसते; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढे छिद्र मोठे. दोन्ही भिंगे एकाच रुंदीपासून सुरू होतात. त्यामुळे दीक्षाभूमीचा स्तूप किंवा झिरो माइलचा खांब भर दिवसा टिपायचा असेल, तर दोघांत निवड करण्याजोगे फारसे काही नाही. फरक पडतो तो प्रकाश कमी झाल्यावर किंवा अंतर वाढल्यावर.

जवळच्या अंधाराचा हिशेब सोपा आहे. रुंद टोकाला एफ/१.८ मधून सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश एफ/२.८ च्या तुलनेत सुमारे २.४ पट असतो. संध्याकाळी घरातील ट्यूबलाइटखाली मुलाचे छायाचित्र घेताना सोनीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र दाणेदार होते) ३२०० लागत असेल, तर त्याच शटरवर कॅननचे काम आयएसओ १२५० ते १६०० च्या दरम्यान भागते, आणि एक इंची सेन्सरवर या दोन आकड्यांतला फरक केसांच्या आणि कापडाच्या तपशिलात दिसून येतो. ज्यांचा दुसरा ढीग मोठा आहे आणि त्यातील माणसे हाताच्या अंतरावरची आहेत, त्यांच्यासाठी कॅनन स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर त्यांच्या कामाला तो अधिक चांगला आहे म्हणून घ्यावा.

लांबच्या अंधाराचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तिथे बरेच जण फसतात. सभागृहात अंधार आहे, म्हणून मोठ्या अपर्चरचा कॅमेरा हवा, हा विचार वरवर बरोबर वाटतो. समजा, आपण रंगमंचापासून १५ मीटरवर बसलो आहोत. कॅननच्या १०० मिलिमीटरच्या टोकाला आडव्या चित्राची उंची रंगमंचावर सुमारे ३.६ मीटर भरते, म्हणजे १.२ मीटर उंचीची मुलगी चित्राचा एक तृतीयांश भाग व्यापते. सोनीच्या २०० मिलिमीटरवर ती दोन तृतीयांश व्यापते. कॅननचे चित्र कापून मुलगी तेवढीच मोठी केली, तर २० पैकी केवळ ५ मेगापिक्सेल हाती उरतात. शिवाय प्रकाशही जास्त मिळत नाही, कारण दूरच्या एकाच वस्तूपासून किती प्रकाश गोळा होतो, हे एफच्या आकड्यावर ठरत नाही. ते भिंगाच्या उघडलेल्या वर्तुळाच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. कॅननची प्रत्यक्ष फोकल लांबी या टोकाला ३६.८ मिलिमीटर आहे; तिला २.८ ने भागले की १३ मिलिमीटरचा व्यास मिळतो. सोनीची ७२ मिलिमीटर आहे, तिला ४.५ ने भागले की १६ मिलिमीटर. म्हणजे रंगमंचावरच्या त्या मुलीपासून सोनी जवळजवळ दीडपट प्रकाश गोळा करतो. दोन कॅमेऱ्यांचे एफचे आकडे नुसते शेजारी ठेवून हे कधीच कळणार नाही. थोडक्यात, जवळ आणि अंधारात कॅनन, दूर आणि अंधारात सोनी, असा कौल पडतो. अर्थात, पहिल्या रांगेची खुर्ची मिळत असेल, तर हा सगळा हिशेब पुन्हा उलटतो.

नागपूरकरांच्या बाबतीत दूरच्या गोष्टी म्हटले की जंगल येतेच. पेंच, उमरेड-करांडला आणि ताडोबा यांपैकी कुठे ना कुठे वर्षातून एखादी फेरी होते आणि ताडोब्यात सफारीच्या जिप्सीत मोबाइल वापरायला बंदी असल्यामुळे छोट्या कॅमेऱ्याचे महत्त्व तिथे एकदम वाढते. परंतु कोणत्याही विक्रेत्याचे ऐकून २०० मिलिमीटरमध्ये वाघाचे मासिकात छापण्याजोगे चित्र येईल, अशी आशा ठेवू नये. रस्त्याच्या कडेने चालणारा वाघ, चितळांचा कळप किंवा गवा या भिंगात नीट येतो. झाडावरचा घुबड किंवा तलावापलीकडचा वाघ येत नाही. ज्यांचे मन प्रामुख्याने पक्ष्यांत आहे, त्यांनी या दोन्हींपैकी एकही घेऊ नये आणि खिशात मावण्याचा आग्रह सोडून मोठ्या झूमच्या कॅमेऱ्याकडे वळावे.

पुढचा मुद्दा आपल्या शहराच्या उन्हाचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर दोन्ही कंपन्या कॅमेरा वापरण्यासाठी ० ते ४० अंश ही मर्यादा सांगतात. याचा अर्थ ४१ अंशांवर कॅमेरा बंद पडतो असा नाही. परंतु उन्हात लांब व्हिडिओ घेताना तो तापून थांबू शकतो, हे गृहीत धरावे. सोनी मूळ सेटिंगवर ४के व्हिडिओ सलग सुमारे ५ मिनिटेच घेतो आणि मेनूमध्ये तापमानाची मर्यादा वाढवल्यास अधिक वेळ चालतो. कॅननमध्ये ४के ची एक फीत ९ मिनिटे ५९ सेकंदांची असते. छोट्या तुकड्यांत चित्रण करणाऱ्यांना दोन्ही पुरतात. पूर्ण भाषण किंवा पूर्ण नृत्य एका दमात घ्यायचे असेल, तर फुल एचडीवर यावे.

त्याच उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही, ही तक्रार तापमानापेक्षाही रोजची आहे. सोनीच्या कोपऱ्यातून वर येणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) इथे कामाला येतो. कॅननला तो नाहीच. दुपारी बाहेर छायाचित्रे घेणाऱ्याने या एका सोयीसाठी पैसे मोजले, तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. उलट भर उन्हात व्हिडिओ घेणाऱ्यासाठी कॅननमधील अंगभूत एनडी फिल्टर मोलाचा आहे. तो प्रकाश एक अष्टमांशावर आणतो. भर उन्हात आयएसओ १२५ आणि १/५० शटर ठेवले, तर एफ/२२ च्याही पलीकडचे अपर्चर लागेल. हे दोन्ही कॅमेरे एफ/११ च्या पुढे बंद होत नाहीत. मग शटर वाढवावे लागते आणि चालणारी माणसे व्हिडिओत तुटक दिसू लागतात. कॅननमध्ये फिल्टर चालू केला की एफ/९ च्या आसपास काम भागते. सोनीच्या मार्क ७ मध्ये असा फिल्टर नाही.

फोकसच्या बाबतीत मात्र तुलना एकतर्फी आहे. सोनीत ३५७ बिंदूंचा फेज-डिटेक्शन फोकस असून तो डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो. स्थिरचित्रांत प्राण्यांचे डोळेही ओळखतो. कॅननचा फोकस केवळ कॉन्ट्रास्टवर चालतो, म्हणजे पुढे-मागे चाचपडत नेमकी जागा शोधतो. पंगतीत वाढणाऱ्या माणसासाठी तो पुरेसा आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांत मारबतीची मिरवणूक अंगावर येत असताना, पुढून माणसे आडवी जात असताना आणि बडग्याचा पुतळा डोलत असताना, चाचपडणारा फोकस नेमका त्या क्षणी चुकतो. मिरवणुका, खेळाची मैदाने आणि धावती मुले यांसाठी मी अंधाराचा फायदा सोडूनही सोनीला झुकते माप देईन.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकता येतात. एका चार्जिंगमध्ये कंपन्यांच्या मानक चाचणीनुसार सोनी २६० आणि कॅनन २३५ चित्रे घेतो. दोन्हींबरोबर जादा बॅटरी लागणारच. कॅननला यूएसबी-सी आहे, पण त्यावरून बॅटरी भरण्यासाठी पॉवर डिलिव्हरी असलेला चार्जर लागतो. सोनीला जुन्या पद्धतीची मायक्रो यूएसबी आहे. रुंद टोकाला कॅनन ५ सेंटिमीटरपर्यंत आणि सोनी ८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. पूर्ण झूमवर हेच अंतर ४० सेंटिमीटर आणि १ मीटर होते. टेबलावरच्या तर्री-पोह्यांचे किंवा दागिन्याचे चित्र बसल्या जागेवरून घेणाऱ्यांना हा फरक जाणवेल. कॅननवरून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करता येते; ज्यांना ते करायचे नाही, त्यांनी या ओळीला शून्य गुण द्यावेत.

एवढे झाल्यावर दुकानात जावे आणि स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्यावे. सीताबर्डीसारख्या बाजारपेठेत संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी गेल्यास विक्रेताही कॅमेरा हाताळू देतो. दोन्ही कॅमेरे पूर्ण स्वयंचलित ठेवून तीच तीन-चार चित्रे घ्यावीत: दुकानाच्या आतील सर्वांत अंधाऱ्या फळीचे, दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीचे पूर्ण झूम करून, आणि बरोबर आलेल्या माणसाला आपल्याकडे चालत यायला सांगून. चालणाऱ्या माणसाच्या वेळी सलग चित्रे घ्यावीत आणि पैकी किती स्पष्ट आली, ते मोजावे. कॅमेरा एका हाताने चालू करून पाहावा, पडदा बाहेरच्या उजेडात वाचून पाहावा, चष्मा लावून सोनीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोकावावे. दुकानातल्या छोट्या पडद्यावर सर्वच चित्रे छान दिसतात. म्हणून निर्णय तिथे न करता कार्ड घरी आणून संगणकावर चित्रे शंभर टक्के मोठी करून पाहावीत आणि प्रत्येकात कॅमेऱ्याने कोणता आयएसओ व शटर निवडले, तेही वाचावे. वर केलेला सगळा हिशेब तिथे आपल्याच चित्रांत दिसतो.

किमतीबद्दल एवढेच सांगणे आवश्यक आहे की, अलीकडे समाजमाध्यमांमुळे जी७ एक्स मार्क ३ ची मागणी जगभर वाढली आणि तो अनेकदा दुकानांत नसतो. अशा वेळी मूळ भावापेक्षा जास्त पैसे देऊन तो घेतल्यास स्वस्तपणाचा त्याचा फायदा संपतो आणि तुलना नव्याने करावी लागते. बाहेरून आलेला बिनबिलाचा माल कमी भावात देऊ केला जातो. त्याला भारतातील वॉरंटी सहसा लागू होत नाही, म्हणून जीएसटीचे बिल आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी एक तपासणी न चुकता करावी. पुढे-मागे सरकणारे भिंग हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर धूळही; दोन्हींपैकी एकही कॅमेरा धूळ-पाण्यापासून संरक्षित नाही आणि आत गेलेली धूळ काढायला तो खोलावाच लागतो. अपर्चर एफ/११ वर ठेवून, झूम पूर्ण लांब करून, मोकळ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे आणि ते मोठे करून कोपऱ्यांपर्यंत पाहावे. प्रत्येक चित्रात त्याच जागी करडे ठिपके दिसत असतील, तर भाव कितीही चांगला असला तरी तो कॅमेरा परत करावा. नवा असो वा जुना, घरी आणल्यावर मेनूतून व्हिडिओची पद्धत ‘पाल’ (PAL) करून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे केल्यास ट्यूबलाइटखालच्या व्हिडिओत सरकते पट्टे येत नाहीत.