आधी तीन दिवस कमीत राहा, मग कपाट उघडा

सामान कमी करायचं ठरलं की बहुतेक जण थेट कपाट रिकामं करायला बसतात. गडबड तिथेच होते. कशावाचून आपलं खरंच अडतं हे कळायच्या आधीच वस्तू घराबाहेर जातात आणि मग त्याच पुन्हा विकत आणाव्या लागतात.

प्राचीन रोममधल्या स्टोइक, म्हणजे संयम शिकवणाऱ्या पंथाच्या, विचारवंत सेनेकाने आपला मित्र ल्युसिलियस याला लिहिलेल्या अठराव्या पत्रात यासाठी चांगली तालीम दिली आहे. तीन-चार दिवस अगदी साधं अन्न खायचं, जाडंभरडं नेसायचं आणि स्वतःला विचारायचं, मी भीत होतो ते हेच का? सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, म्हणून हा सल्ला मला जास्तच मोलाचा वाटतो.

गोव्यात ही तालीम दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर करा. दोन जोड कपडे, एक ताट, एक तांब्या बाहेर ठेवा. जेवायला उकड्या तांदळाची पेज: एक वाटी तांदळाला सहा-सात वाट्या पाणी, दाणा मऊ होईपर्यंत शिजवायचं, वर मीठ आणि तोंडी लावायला लोणचं. मधुमेह असेल किंवा औषधं चालू असतील तर आहार बदलू नका, बाकीचं करा. ज्या वस्तूसाठी हात आपोआप कपाटाकडे गेला ती लगेच लिहून ठेवा. रात्री आठवून लिहिलेली यादी खोटी निघते.

यादीतल्या वस्तू राहतील. उरलेल्या धुऊन, कडक उन्हात वाळवून झाकणाच्या प्लास्टिक पेटीत भरा आणि वर तारीख घाला. पुठ्ठ्याचं खोकं नको, ओल धरतं आणि वाळवीही लागते. मे अखेरपर्यंत जे बाहेर काढावं लागलं नाही ते पावसाआधी देऊन टाका. जूननंतर दिलेल्या कपड्यांना बहुधा कुबट वास असतो, घेणाऱ्याच्या ते कामी येत नाहीत.

या कसोटीत एक खोट आहे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ऑगस्ट-सप्टेंबरात येते, त्यामुळे माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची) चौकट, समया, मोठी तपेली या मुदतीत कधीच लागत नाहीत. ती पेटीत घालूच नका. कागदपत्रं आणि औषधंही नकोत.

आणि सासूबाईंच्या ट्रंकेला किंवा भावाच्या माळ्यावरच्या सामानाला हात लावू नका. दुसरा स्टोइक विचारवंत एपिक्टेटस सांगतो की आपली इच्छा आणि आपला निर्णय आपल्या हातात असतो, दुसऱ्याचा नाही. एकत्र घरात भांडणं होतात ती नेमकी याच ट्रंकेवरून. तुमचा खण मोकळा दिसला की घरचे आपणहून विचारतील. नाही विचारलं तरी तुमचं काम झालेलं असेल.