लिदीवरून हत्तींची गणना कशी करावी

दाट जंगलात हत्ती थेट मोजायला जाऊ नका. झाडोऱ्याआड उभा कळप थोड्या अंतरावरूनही दिसत नाही, आणि दिसला तर तुम्ही नको तितके जवळ गेलेले असता. लीद मात्र जागची हलत नाही.

आधी हत्तींचा वावर कुठे आहे ते ठरवा. नकाशावर चौकोन आखून प्रत्येकात वेगवेगळ्या जागी किमान तीनदा खुणा शोधा: लीद, पावलं, सोललेली साल, चिखल घासलेली खोडं. काहीच न सापडलेला चौकोनही नोंदवा. तो गाळला, तर हत्ती नव्हते की खूण नजरेतून सुटली, हे पुढे कळायला मार्ग राहत नाही.

मग संख्येसाठी सर्वेक्षण रेषा आखा. सुमारे 1 किलोमीटरच्या बऱ्याच रेषा थोड्या लांबलचक रेषांपेक्षा चांगल्या. त्या नदी-नाल्यांना काटकोनात असाव्यात, कारण हत्ती पाण्याच्या कडेने जास्त वावरतात. पायवाटेवरून रेषा कधीच नेऊ नका. ती वाट बहुधा हत्तींचीच असते आणि आकडा फुगतो. किती चालायचं हे प्राथमिक फेरीवरून ठरतं. 5 किलोमीटरमध्ये 10 ढीग मिळाले आणि चूक 20 टक्क्यांच्या आसपास ठेवायची असेल, तर साधारण 75 ढीग, म्हणजे 37–38 किलोमीटर चाल लागेल. 10 टक्के हवी असेल तर चौपट.

होकायंत्रवाला पुढे, त्याच्या मागे शोधणारा, शेवटी नोंद घेणारा. दिशा सोडायची नाही, झुडपं लागतील तेवढीच छाटायची. ढीग दिसला की ढिगाच्या मध्यापासून रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ढीग रेषेच्या 30 सेंटिमीटर बाजूला असतो आणि वहीत 'रेषेवरच, 0' असं लिहिलं जातं. असे शून्य साचले की दूरचे ढीग किती सुटले याचा अंदाज बिघडतो आणि घनता वाढून येते. सगळे गोळे शाबूत, काही शाबूत, की नुसता पसरलेला चोथा, हेही लिहा. रेषेवरचा एकही ढीग सुटता कामा नये. सगळा हिशोब त्याच गृहीतकावर उभा आहे.

हिशोब असा: दर चौरस किलोमीटरमधले ढीग भागिले (ढीग टिकण्याचे सरासरी दिवस × एका हत्तीचे दिवसाचे ढीग). समजा घनता 1,000, ढीग 60 दिवस टिकतो आणि हत्ती दिवसाला 18 वेळा लीद टाकतो. म्हणजे चौरस किलोमीटरला 0.93 हत्ती. दुसऱ्या जंगलातला 120 दिवसांचा आकडा उसना आणलात, तर तेच हत्ती निम्मे होतात. पाऊस, शेणकिडे, ऊन आणि हत्तींचा चारा यांनी हा काळ ऋतूगणिक बदलतो, म्हणून तो तिथेच मोजायला हवा.

त्यासाठी सर्वेक्षणाच्या काही महिने आधीपासून सहा-सात फेऱ्या करा. दर फेरीला एक-दोन दिवसांतले, अजून चकचकीत ओले असलेले 15–20 ढीग जीपीएसवर टिपा. खूण शेजारच्या झाडावर करा, ढिगाला हात लावू नका. उन्हातले, सावलीतले दोन्ही घ्या. सर्वेक्षणाच्या सुमारास परत जाऊन ढीग आहे की नाही एवढंच पाहा. पहिल्या फेरीतले जवळजवळ सगळे नाहीसे झालेले असायला हवेत. नसतील तर सुरुवात उशिरा झाली.

येणारा आकडा आजचा नसतो, लीद टिकते त्या संपूर्ण काळाची ती सरासरी असते. अहवालात तो कालावधी आणि किमान-कमाल मर्यादा दोन्ही लिहा. आठवड्याभरात लीद नाहीशी होते अशा मोसमात ही पद्धत फसते; तिथे ताज्या लिदीतल्या डीएनएवरून एकेक हत्ती ओळखा. त्यासाठी आतला चोथा नको, गोळ्याचा बाहेरचा चकचकीत थर खरवडा. आतड्याच्या पेशी तिथेच चिकटलेल्या असतात.