डेसिबलवरून ध्वनिदाब काढताना या चुका टाळा

मीटर दाखवतो डेसिबल, आणि तुम्हाला हवेत पास्कल. सूत्र एका ओळीचं आहे:

दाब = ०.००००२ × १०^(डेसिबल ÷ २०)

०.००००२ पास्कल, म्हणजेच २० मायक्रोपास्कल, हा हवेतल्या आवाजाचा संदर्भ दाब.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भागाकारातल्या २० चा. तीव्रतेच्या सूत्रात १० असतो, तोच इथेही घातला जातो. पण तीव्रता दाबाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून दाबासाठी २०. ८५ डेसिबलचं खरं उत्तर आहे सुमारे ०.३५६ पास्कल. १० ने भागलंत तर येतात ६,३०० हून जास्त, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ६ टक्के! असा आकडा दिसला की पुढे जाऊच नका. एक्सेलमध्ये भागाकाराभोवतीचा कंस विसरलात तर उत्तर याहूनही अचाट येतं. ते निदान लगेच लक्षात येतं.

उत्तर तपासायला ९४ डेसिबल घालून बघा, जवळजवळ बरोब्बर १ पास्कल आला पाहिजे. मीटर तपासायला ठरलेल्या पातळीचा आवाज देणारं उपकरण, म्हणजे कॅलिब्रेटर, त्यात सहसा हीच पातळी असते. तिथून दर २० डेसिबलला दाब दहापट: ११४ ला १० पास्कल, ७४ ला ०.१.

सूत्र बरोबर, तरी उत्तर फसवं, असंही होतं. मीटर ‘ए’ वर, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणाऱ्या सेटिंगवर, असेल तर त्याने खर्जातला आवाज आधीच कापलेला असतो: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६. ढोल किंवा डीजेच्या बेसचा ‘ए’ आकडा सूत्रात घातला तर खरा दाब कितीतरी कमी दिसेल. निवासी भागासाठी दिवसा ५५, रात्री ४५ ही आपल्या नियमांतली मर्यादा ‘ए’ मध्येच आहे. नियमाशी तुलना करायला तो आकडा योग्य, पास्कल काढायला नाही. त्यासाठी मीटर ‘झेड’ वर, म्हणजे काहीही न कापणाऱ्या सेटिंगवर ठेवा.

सरासरी काढतानाही जपा. सारख्याच वेळाची ६० आणि ८० ही दोन मापं असतील तर सरासरी ७० नव्हे, ७७ येते. दाबांचे वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, मग वर्गमूळ. नुसत्या दाबांची सरासरीही चुकतेच.

आणि दशांशाचे चार-चार आकडे कशाला? १ डेसिबल इकडेतिकडे झाला की दाब १२ टक्के हलतो, ३ डेसिबलला ४१ टक्के. कॅलिब्रेट न केलेल्या मोबाइल ॲपच्या आकड्यावरून ०.३५५७ पास्कल लिहिणं म्हणजे शुद्ध थाप.