इंटरनॅशनल अफेअर्समध्ये मास्टर्स: दोन ऑफर आल्यात, कुठली घेऊ?

रँकिंग बघत बसू नका, आधी शहर बघा. अमेरिकेतल्या या विषयाच्या कॉलेजांचं बघा: जॉर्जटाउन युनिव्हर्सिटी आणि जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं साइस वॉशिंग्टनमध्ये, कोलंबियाचं सीपा न्यूयॉर्कमध्ये म्हणजे यूएनच्याच शहरात, टफ्ट्सचं फ्लेचर बोस्टनजवळ. वॉशिंग्टनचा फायदा असा की सेमिस्टर चालू असतानाच थिंक टँकमध्ये (धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत) पार्टटाइम इंटर्नशिप करता येते, पण एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायला सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) वगैरे लागते, ते आधीच विचारून ठेवा. आणि हो, यूएन सचिवालयाच्या इंटर्नशिपला पैसे मिळत नाहीत, न्यूयॉर्कचं भाडं मात्र द्यावंच लागतं!

आपल्या मुलांसाठी खरी मेख वेगळीच आहे, अमेरिकन सरकारी नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, त्यामुळे तिथल्या वर्गमित्रांचे प्लेसमेंटचे आकडे आपल्याला लागू होतीलच असं नाही, म्हणून अॅडमिशन ऑफिसला सरळ मेल करा की परदेशी विद्यार्थी नंतर कुठे लागले. सोबत कोर्स स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) गटात धरतात का तेही विचारा, कारण साधी ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांची आणि स्टेम असेल तर वर २४ महिने मिळू शकतात. साइसमध्ये इकॉनॉमिक्सवर भर असतो, त्याची भीती वाटत असेल तर तिथला सिलॅबस नीट वाचूनच हो म्हणा. आणि स्कॉलरशिप दोन्ही वर्षांसाठी आहे ना, हे लेखी घ्या.