ऑल-इन कधी? आधी बिग ब्लाइंड मोजा

पोकर टूर्नामेंटमध्ये चिप्स कमी झाल्या की ‘अजून एक हात बघू’ म्हणत आपण थांबतो, आणि ब्लाइंड (दर हातात दोघांना पत्ते येण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची रक्कम; लहान ती स्मॉल, मोठी ती बिग ब्लाइंड) भरण्यातच सगळं संपतं. त्यावर सोपा हिशेब:

१. आपल्या चिप्सना बिग ब्लाइंडने भागा. ब्लाइंड ५००/१,००० आणि चिप्स ९,००० असतील, तर तुमच्याकडे ९ ब्लाइंड आहेत.

२. आकडा १० च्या आत आला की छोटी रेज (बोली थोडी वाढवणं) बंद. ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं), एवढंच.

३. आपल्या आधी सगळ्यांनी फोल्ड केलं असेल तरच सगळ्या चिप्स ढकला. बटणावर (पत्ते वाटणाऱ्याची जागा) किंवा स्मॉल ब्लाइंडवर बसला असाल तर साधारण पत्त्यांवरही चालतं, कारण मागे एक-दोनच जण उरतात. आधी बोलावं लागणाऱ्या सुरुवातीच्या जागेवरून मात्र चांगली जोडी किंवा एक्का-राजासारखे पत्ते हवेत.

३-४ ब्लाइंड उरेपर्यंत वाट पाहू नका. तेव्हा समोरचा घाबरतच नाही, कसल्याही पत्त्यांवर कॉल करतो (तेवढ्याच चिप्स लावतो). ऑल-इनचा अर्धा फायदा तर समोरच्याने पत्ते टाकण्यातच असतो! अँटी (ब्लाइंडशिवाय दर हातात भरायची जादा सक्तीची रक्कम) असेल तर नुसते ब्लाइंड आणि अँटी मिळूनही अडीच ब्लाइंडच्या आसपास हाती येतात. १० ब्लाइंडवाल्याला ही कमाई मोठी आहे.

एक सांभाळा: दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना हे निकष लावू नका. तिथे कुणी फोल्ड करणार नसतं, म्हणून पत्ते बरेच भक्कम लागतात. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, तुमच्याहून कमी चिप्सवाले टेबलावर असताना तर आणखीच.